हरणीचं माहेरपण

"माताजी, कुत्ता सीट पे नहीं बैठेगा," माधवगंजच्या नाक्यावर ऑटोवाल्यानं साफ सांगितलं.

"पेट से है बेचारी," लीलाताई म्हणाल्या. "मायके जा रही है."

यावर ऑटोवाल्यानं सीट मोकळी करून दिली. ग्वाल्हेरात माणूस रस्त्यावरून, वळणावरून, सुट्ट्या पैशांवरून वाटेल तेवढं भांडेल, पण माहेरी निघालेल्या पोटुशीला खाली उतरवायची छाती कुणाची नाही. हरणी सीटवर चढली आणि लीलाताईंच्या मांडीवर तोंड टेकून दर्पण कॉलनीपर्यंत झोपली. रस्ता ओळखीचा होता, जन्मच तिथला.

लीलाताईंना मात्र चैन नव्हतं. आज नगर निगमचे, म्हणजे पालिकेचे, जनावरांचे डॉक्टर घर बघायला येणार होते. काल भाच्यानं, तरुणनं, फोनवर सांगितलं होतं, "आत्या, काळजी नको. बाबा मानलेत. लायसन्सचं सगळं समजावलं, तर 'हं' म्हणाले." त्या 'हं'वर लीलाताईंचा काडीचा विश्वास नव्हता. आपल्या थोरल्या भावाचे, कान्होजीराव भोइट्यांचे 'हं' त्या परकरात होत्या तेव्हापासून ऐकत आल्या होत्या.

दारात तरुणची बायको शिखा भाकरतुकडा घेऊन उभी होती. ती भिंडकडची, हिंदी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा कुत्रीवरून भाकरतुकडा ओवाळायचा म्हणताना तिला हसू आवरलं नव्हतं. आता हरणीच्या पायांवर पाणी घालताना तीच सगळ्यांत गंभीर असे.

"या आत्या. खोली तयार आहे. मी तर बाजरीसुद्धा भिजवून ठेवली."

भोइट्यांचा मूळपुरुष फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आला तेव्हा त्याच्या खोगिराला बांधलेल्या टोपलीत एक लांब पायांची शिकारी कुत्री होती, असं या घरात सांगतात. खरंखोटं त्या कुत्रीला ठाऊक. पुढे तलवारी गेल्या, घोडे गेले, दाना ओली मोहल्ल्यातलं घर जाऊन दर्पण कॉलनीतलं आलं, आणि सरदारांच्या वंशजानं पाटबंधारे खात्यात जन्मभर जीप चालवली. कुत्री मात्र टिकली, आणि तिच्याबरोबर रीतही. पिल्लू विकायचं नाही. नर ओळखीच्या कुणालाही द्यावा, पण मादी नात्यातच, खणानारळानं ओटी भरून, लेकीसारखी द्यायची. तिची बाळंतपणं भोइट्यांच्याच घरी व्हायची. आणि वंश मोजायचा तो आईकडून. एवढ्या मिशांच्या घराण्यात हा न्याय फक्त कुत्र्यांना मिळाला, असं शिखा एकदा म्हणाली होती. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

या रितीचा एक कोपरा लीलाताईंचा होता, आणि त्याबद्दल घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. त्यांचं लग्न होऊन वर्षं गेली आणि पाळणा हलला नाही. बरोबरीच्या मैत्रिणी बाळंतपणाला माहेरी जात, लीलाताई माधवगंजच्या गच्चीवर पापड वाळत घालत. मग वडिलांनी एक दिवस मादी पिल्लू त्यांच्या ओटीत घातलं. ते मोठं झालं, गाभण राहिलं, आणि माहेरून निरोप आला: 'बाळंतपणाला घेऊन ये. दोन महिने राहायच्या तयारीनं ये.' त्या दोन महिन्यांत आईनं कुत्रीसाठी म्हणून डिंकाचे लाडू केले, आणि ते सगळे लीलाताईंनी खाल्ले. वडील गेले, पुढे लीलाताईंचे यजमानही गेले, पण रीत चालू राहिली. दर खेपेला निरोप कुत्रीच्या नावानं यायचा आणि माहेरपण लीलाताईंचं व्हायचं.

आता नात्यातल्या बाकीच्या माद्या एकेक करून संपल्या होत्या. फ्लॅटात एवढ्या ढांगांची कुत्री कोण ठेवतं? वंश पुढे नेईल अशी एकच उरली होती, लीलाताईंची हरणी.

आणि नेमकं मागच्या खेपेला गरिमानं, तरुणच्या मुलीनं, पिल्लांच्या बारशाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. पिल्लांना झबली, पाळण्याला झेंडूच्या माळा, आबा, म्हणजे कान्होजीराव, स्वतः कानात नावं सांगतायत. लोकांना तो इतका आवडला की खाली नुसती रांग लागली: 'क्या रेट है?' 'भाई, एक मेरे लिए बुक.' ते गल्लीतल्या कुणीतरी वाचलं आणि तक्रार केली की या घरात परवान्याशिवाय कुत्र्यांची पैदास चालते. लेकींसारखी दिली म्हणून नात्यात मिरवलेली पिल्लं कागदावर अशी बाजारात येऊन बसली.

*

डॉक्टर अपूर्व तिशीचासुद्धा नसेल. त्यानं बूट बाहेर काढले, हरणीला आधी आपला हात हुंगू दिला आणि मगच तिच्या पोटाला हात लावला. कान्होजीरावांना मुलगा आवडला. त्यांना तो आवडला नसता तर पुढचं कदाचित सोपं झालं असतं. नावडत्या माणसापुढे ते बिनदिक्कत काहीही बोलून मोकळे होत. आवडत्या माणसापुढे मात्र त्यांचं घराणं जागं होई.

"दादाजी, दो रास्ते हैं," डॉक्टर म्हणाला. "घरेलू पालतू में नाम लिखवाइए, तो इस बार के बच्चों के बाद, दूध छूटते ही, इसका नसबंदी का ऑपरेशन कराना होगा. आगे भी बच्चे लेने हों तो ब्रीडर का लाइसेंस लीजिए. जगह ठीक है, सफ़ाई बहुत अच्छी है. पड़ोसियों की सहमति भी तरुण जी ले आए हैं."

तरुणनं मान हलवली. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याचीसुद्धा सही त्यानं आणली होती, आणि त्यासाठी त्याच्याकडचा पाणचट चहा स्तुती करत प्यायला होता. त्याला कुत्र्यांचं विशेष प्रेम नव्हतं. पण बाप कुत्र्यांत बसलेला असताना जसा दिसे तसा एरवी कधीच दिसत नसे, आणि तेवढ्यासाठी त्यानं हे सगळं केलं होतं. हे त्यानं बापाला अर्थातच सांगितलं नव्हतं. भोइट्यांच्यात असलं सांगत नाहीत.

"तो ब्रीडर ही लिखूँ न?" डॉक्टरनं पेन काढलं. "व्यवसाय, श्वान प्रजनन एवं विक्रय."

"विक्रय?" कान्होजीराव म्हणाले.

"लाइसेंस धंधे का है, दादाजी. तो धंधा लिखना पड़ेगा."

"हमारे घर की बेटी बिकती नहीं है, डॉक्टर साहब."

"बाबा," तरुण हळू आवाजात म्हणाला, "नुसतं लिहायचंय. द्यायची तर तुम्ही तशीच द्या, ओटी भरून. काल तुम्ही 'हं' म्हणाला होतात."

"ऐकलं म्हणून 'हं' म्हणालो. आता तुला ऐकू येतंय का? भोइटे कुत्री विकतात, असं माझ्या सहीनं लिहून द्यायचं? पिल्लू मागायला आलेल्या सरदारांना माझ्या आज्यानं परत पाठवलं होतं."

"आबा, प्लीज ना," गरिमा म्हणाली. "नाही तर हरणी की लाइन ही खतम हो जाएगी. तुम्हीच तर बोलता, वंश आईकडून."

"तू बोलूच नको. तुझ्याच त्या तमाशानं हे घरात आलंय."

गरिमाचे डोळे भरले आणि ती आत निघून गेली. डॉक्टर कागदाकडे बघत बसला. घरातल्या भांडणात सापडलेल्या परक्या माणसाला कागदाचाच आसरा असतो.

तेव्हा शिखा पुढे आली. हाताला बाजरीचं पीठ तसंच होतं. "बाबा, माझ्या नावावर करा ना. मी लिहून देते की मी विकते. मला त्यात काही लाज नाही. पिल्लं होताना जवळ मीच बसते, घाण मीच काढते. तुमचं नाव कागदावर येणारच नाही, मग तर चालेल?"

तरुणनं बायकोकडे बघितलं. हे त्याला कसं सुचलं नव्हतं! लीलाताईंच्या मनावरचा दगड उतरला. डॉक्टरसुद्धा म्हणाला, "बिल्कुल हो सकता है."

कान्होजीरावांनाही ते पटलं होतं. पुढे कितीतरी दिवस त्यांना हेच आठवत राहिलं, की आपल्याला ते त्या क्षणी पटलं होतं. पण सुनेनं परक्यासमोर आपल्याला वाट काढून दिली, हे त्यांच्या मानेला पेललं नाही.

"घराण्याचा प्रश्न आहे, शिखा," ते म्हणाले. "तू बाहेरची. तुला नाही कळायचं."

शिखानं पदराला हात पुसले. "ठीक आहे," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिथं भांडंसुद्धा वाजलं नाही. एवढ्या वर्षांत या घरातल्या किती बाळंतिणींची डोकी आपण मांडीवर घेतली याचा हिशेब ती मांडत नव्हती. बाहेरची हा शब्द मराठीत इतका स्वच्छ ऐकू येतो, एवढंच तिला जाणवलं.

लीलाताईंनी तेव्हा बोलायला हवं होतं. 'दादा, माझ्यासाठी लिही. हरणीच्या पोटी मादी नसेल तर मी या घरी कुणाच्या नावानं येऊ?' एवढंच वाक्य होतं. पण जे कधीच कुणी बोललं नव्हतं ते निगमच्या डॉक्टरसमोर कसं बोलायचं? त्या हरणीला गूळ-भाकरीचे तुकडे भरवत राहिल्या. तिचं पोट भरलं तरी भरवत राहिल्या.

कान्होजीरावांनी घरेलू पालतूच्या अर्जावर सही केली. दूध सुटताच ऑपरेशन करून घेऊ, अशी हमी त्यातच होती. डॉक्टर जाताना बूट घालता घालता म्हणाला, "दादाजी, ऑपरेशन से पहले कभी भी मन बदले तो आ जाइएगा. अर्ज़ी बदल जाएगी." कान्होजीराव 'हं' म्हणाले.

"झालं," फाटक लावून आलेला तरुण म्हणाला. "आता लिहिलंय तसंच होणार. मी पुन्हा कुणाच्या दारात चहा प्यायला जाणार नाही."

संध्याकाळी कान्होजीराव बाळंतिणीच्या खोलीत बहिणीजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "लीले, एक तरी मादी होईलच की गं. ती आपण नात्यात देऊन टाकू. तिच्या ऑपरेशनचं कोण विचारायला बसलंय?"

लीलाताईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. विकतो म्हणायला जीभ जड, आणि लपवायला हात हलके! पण त्यांचाही जीव त्याच आशेवर टांगलेला होता.

*

हरणी व्याली. चार पिल्लं झाली, चारही नर.

शिखानं एकेक पुसून उजेडात धरलं आणि सासऱ्याकडे बघून हळूच मान हलवली. कान्होजीरावांनी शेवटचं पिल्लू तिच्या हातातून घेऊन पुन्हा एकदा बघितलं. भोइट्यांच्या घरात मुलगा झाला म्हणून इतकी उतरलेली तोंडं त्यापूर्वी कुणी पाहिली नसतील.

पिल्लांनी डोळे उघडले, खोलीभर लोळायला लागली, शिखाच्या चपला खाल्ल्या. बारसं झालं, व्हिडिओ झाला नाही. लीलाताई हरणीला रोज तेल चोळत आणि दूध आटू नये म्हणून बाजरीची पेज पाजत. दूध जितके दिवस, तितके दिवस.

कान्होजीराव अंगणात खुर्ची टाकून बसत. त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत असे: उठावं, निगमात जावं, सांगावं. रोज सकाळी ते पायात बूट चढवत आणि चहा होईपर्यंत काढून ठेवत. काय अडत होतं? विकतो, हा एक शब्द. ज्या आज्यानं सरदारांना परत पाठवलं त्याला तरी ही वेळ आली होती का? त्याच्या काळी कुत्रीला अर्ज लागत नव्हता. पण हेही खरं, की त्या आज्यानं वंश राखला होता आणि आपण फक्त त्याचं वाक्य राखतोय. हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि शिखाची क्षमा मागायला हवी, हेही लक्षात आलं. पण ते कसं करतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पिल्लं एकेक करून ओळखीच्यांकडे गेली. शेवटचं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कान्होजीरावांनी बूट घातले आणि चहा झाल्यावरही काढले नाहीत.

"लीले, चल. कोटेश्वराच्या दर्शनाला जाऊन येऊ."

"आज? सोमवार तर नाही."

"चल म्हटलं ना."

तरुण तेव्हा आंघोळीला गेला होता. शिखानं विचारलं, "बाबा, जेवायला याल ना?" ते म्हणाले, "हं." बाकी काही सांगितलं नाही. काम झाल्यावर सांगू, सगळ्यांना एकदम सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. फजिती झालीच तर कुणाला कळायला नको, हेही होतंच.

ऑटो कोटेश्वराकडे वळला नाही तेव्हाच लीलाताईंना कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि बाहेर बघत राहिल्या. आपण काही बोललो तर भाऊ थांबेल आणि परत फिरेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

निगमात दोन-तीन तास वाट बघावी लागली, मग डॉक्टर अपूर्वनं दोघांना खुर्च्या दिल्या.

"लिखिए," कान्होजीराव म्हणाले. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "लिखिए, डॉक्टर साहब. बेचते हैं."

"विक्रय?"

"हाँ. प्रजनन एवं विक्रय. और लाइसेंस बहू के नाम पर. शिखा भोइटे. घर में सब वही करती है."

लीलाताईंना रडू फुटलं. डॉक्टर गोंधळून म्हणाला, "अरे माताजी, यह तो अच्छी बात है! कल आकर बाक़ी काम कर दूँगा."

बाहेर आल्यावर कान्होजीराव एकदम हलके झाले होते. घरी नाश्ता झालेला असूनही त्यांनी गाडीवर गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली, शिखाला आवडते म्हणून. शिखाला काय आवडतं हे त्यांना माहीत होतं, हे लीलाताईंना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

"सांगताना काय सांगशील तिला?" त्यांनी विचारलं.

"बेडई देईन," कान्होजीराव म्हणाले. "समजेल ती."

*

फाटक शिखानंच उघडलं. तिचे डोळे लाल होते.

हरणी ओसरीवर गोधडीवर पडली होती. पोटाभोवती पांढरी पट्टी गुंडाळलेली, जीभ एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले. कान्होजीरावांची चाहूल लागल्यावर तिनं शेपटी हलवायचा प्रयत्न केला, तो तिला नीट जमला नाही.

तरुण तिच्या उशाशी बसला होता. त्यानं आज ऐनवेळी सुट्टी घेतली होती.

"बाबा, ऑपरेशन करून आणलं, खासगी दवाखान्यातून," तो उठत म्हणाला. "दूध सुटलं होतं, करायचंच होतं. तुम्ही देवाला गेलात, तर म्हटलं, आत्ताच उरकून टाकावं. तुम्ही घरी असता तर तुम्हाला बघवलं नसतं. आत्यालाही नसतं बघवलं."

बेडईचा पुडा कान्होजीरावांच्या हातात गरम होता.

"मी बोलले होते यांना," शिखा म्हणाली. "एक बार बाबांना विचारा तर खरं. तर म्हणाले, विचारून त्यांना उगाच त्रास."

"मग काय चुकलं?" तरुणचा आवाज चढला. बापाच्या चेहऱ्यावरचं काही त्याला उमगत नव्हतं. "सही तुमचीच होती ना, बाबा? तुम्हीच तर म्हणालात!"

"काही चुकलं नाही तुझं," कान्होजीराव म्हणाले. "बरं केलंस. मला खरंच बघवलं नसतं."

ते हरणीजवळ जमिनीवर बसले. निगमात गेलो होतो, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. लीलाताईंनीही नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अपूर्व आला तेव्हाच तरुणला ते कळलं. तो मागच्या अंगणात निघून गेला. शिखा त्याच्या मागे गेली नाही. ती सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या नावावर केलं होतं?"

"हं," कान्होजीराव म्हणाले. मग त्यांना वाटलं की एवढं पुरेसं नाही, या घरात ते कधीच पुरलेलं नाही. "मी त्या दिवशी बोललो ते चुकलं, शिखा. या घरात बाहेरचं कुणी असेल तर तू नाहीस."

शिखा त्यांच्या पायाशी बसून रडली. ज्यासाठी हे आधी बोलायला हवं होतं ते आता राहिलं नव्हतं. तरी बोलले, हे तिच्या मनाला भिडलं.

*

लीलाताईंनी आठवडाही थांबायचं नाकारलं. पिल्लं गेली, दूध सुटलं, आता राहायचं कशाला, असं त्या म्हणाल्या.

"ओटी शिखानं भरायची," कान्होजीरावांनी सांगितलं. आजवर ते काम घरच्या थोरल्या बाईचं, म्हणजे वहिनी गेल्यापासून लीलाताईंचं असे. लीलाताईंनी खण आणि नारळ शिखाच्या हातात दिले. शिखानं हरणीला कुंकू लावलं, गळ्यातल्या पट्ट्याला खण बांधला, मूठभर तांदूळ तिच्या अंगावरून टाकले. हरणीनं नेहमीप्रमाणे त्यातले चारदोन चाटून घेतले.

गरिमानं तिला उचलून ऑटोत ठेवलं. लीलाताई शेजारी बसल्या. आता निरोपाचं वाक्य तेवढं राहिलं होतं. भोइट्यांकडे ते एकच आहे, घरातल्या कर्त्यानं कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं: 'पुढच्या खेपेला लवकर या गं.' कुत्रीला कधी कुणी 'या' म्हणत नाही. ते 'या' कुणासाठी असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं.

कान्होजीरावांनी हरणीच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले, शब्द आला नाही. पुढची खेप नव्हती.

"चलें, माताजी?" ऑटोवाल्यानं विचारलं.

लीलाताई थांबल्या होत्या. मग त्यांनीच विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर. "दादा, आता मी कुणाच्या निमित्तानं येऊ?"

तुझ्याच, असं म्हणायचं होतं. तुझ्याच निमित्तानं ये, पहिल्यापासून तुझ्याच निमित्तानं बोलावत होतो. एवढंच होतं, आणि ते जिभेवर आलंही होतं. पण लहानपणापासून जे कुत्रीच्या नावानं बोलायची सवय, ते सरळ तोंडातून कसं निघणार? कान्होजीराव घाईघाईनं म्हणाले, "हरणीचे टाके काढायचेत ना अजून. तेव्हा ये. इथंच काढू."

लीलाताई हसल्या. हरणीचं डोकं त्यांनी पुन्हा मांडीवर घेतलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण टाके एकदाच काढतात, दादा."